भरतीच्या वाटेवरची शंभर माणसे

शंभर पुतळे पाहायला गेलो आणि दिसली ती मोजून नऊ डोकी. बाकी सगळे पाणी.

चूक माझीच होती. तीस वर्षे शाळेत भरती-ओहोटी शिकवणारा माणूस समुद्रावर निघताना भरतीची वेळ पाहायला विसरला! भाच्याकडे लिव्हरपूलला मुक्काम होता. सप्टेंबर महिना, पौर्णिमा आदल्या दिवशी झालेली. जेवण आटोपून भाचा म्हणाला, "मामा, क्रॉसबीचा किनारा इथून जवळच आहे, त्या बिडाच्या माणसांना भेटून येऊ." दुपारी एकच्या सुमारास आम्ही बंधाऱ्यावर उभे होतो. समोर राखाडी पाणी, त्यात कुठे एक टाळू, कुठे खांद्यापर्यंतचा माणूस, आणि एका टाळूवर बसलेला सीगल. भाच्याची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आजोबा, बाकीचे बुडाले का?"

कोकणात कोळ्याचे पोर असली चूक करणार नाही. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ असतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. प्रतिपदेला पाऊण वाजता. त्या दिवशी प्रतिपदाच होती, आणि इंग्लंडात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते हे धरले तरी उत्तर एक-दीडच्या आसपासच येत होते. हा हिशेब लिव्हरपूलला लागू पडतो हा मात्र निव्वळ योगायोग. चंद्र डोक्यावरून गेल्यानंतर भरती किती वेळाने येते हे प्रत्येक बंदराचे वेगळे असते. मुंबई आणि लिव्हरपूल यांचे ते जवळपास सारखे आहे, इतकेच. दोन्हीकडे उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री येते. म्हणजे उधाणाची ओहोटी संध्याकाळी लागणार. आम्ही घरी परतलो आणि साडेसहाला पुन्हा गेलो.

आता दृश्य पार बदललेले होते. पाणी इतके मागे गेले होते की ते कुठे संपते आणि ओली वाळू कुठे सुरू होते ते कळत नव्हते. त्या सपाटीवर दूरवर, अंतराअंतराने, माणसे उभी होती. सगळी नग्न, हात बाजूला सोडलेले, सगळ्यांची तोंडे क्षितिजाकडे. इंग्रज शिल्पकार अँटनी गॉर्मली यांची ही कलाकृती, नाव 'अनदर प्लेस', म्हणजे दुसरी जागा. पुतळे १००, प्रत्येकाची उंची १८९ सेंटिमीटर, वजन सुमारे ६५० किलो. किनाऱ्याच्या लांबीने सुमारे ३ किलोमीटर आणि समुद्राच्या दिशेने जवळजवळ १ किलोमीटर असा त्यांचा पसारा आहे. वाळूत खोल ठोकलेल्या खांबांवर ते बसवलेले आहेत. क्रॉसबीला ते आले २००५ साली, आणले होते थोड्या मुदतीसाठी. ते अजून तिथे आहेत.

विज्ञानाच्या मासिकात शिल्पाची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. या शिल्पाचे अर्धे काम समुद्राने केले आहे आणि ते काम वाचायला थोडे विज्ञान लागते, हे माझे उत्तर. कलासमीक्षक पुतळ्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. मी पायांकडे पाहिले.

समुद्रावरून सुचलेल्या शिल्पांची हल्ली कमतरता नाही. किनाऱ्यावरच्या अनेक कलासंस्था एखाद्या शिल्पकाराला महिना-दोन महिने राहायला बोलावतात. त्याने समुद्र पाहायचा, किनाऱ्यावर हिंडायचे आणि जाताना काही घडवून द्यायचे. याला रेसिडेन्सी म्हणतात. कल्पना उत्तम आहे. पण त्यातून जे निघते त्यातले बरेचसे मला निराश करते. संगमरवरात गोठवलेली लाट, काशात ओतलेला शंख, काचेचा जेलीफिश. यात समुद्राचा फक्त आकार घेतलेला असतो. लाट म्हणजे आकार नव्हे, ती पाण्यातून पुढे सरकणारी हालचाल आहे, पाणी जवळजवळ जागच्या जागीच वरखाली होत असते, हे आपण सातवी-आठवीच्या मुलांना कानीकपाळी ओरडून सांगतो. दगडाची लाट नेमके तेवढेच विसरते. शिवाय समुद्राची खरी ओळख म्हणजे त्याचे वेळापत्रक. महिनाभर राहून गेलेल्या पाहुण्याला दोन उधाणे आणि दोन भांग दिसतात (अष्टमीच्या सुमारास जी लहान भरती येते तिला कोकणात भांग म्हणतात). तेवढ्यावर समुद्राशी ओळख झाली असे म्हणणे धाडसाचे आहे.

याला सन्माननीय अपवाद आहेत. बार्बरा हेपवर्थ १९३९ साली, महायुद्धाच्या तोंडावर, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला सेंट आइव्ह्‌ज या मच्छीमारांच्या गावाजवळ राहायला गेल्या आणि १९७५ साली मृत्यू येईपर्यंत त्या परिसरातच राहिल्या. त्यांचे १९४६ सालचे 'पेलागोस' हे लाकडी शिल्प पाहा. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्र. एल्म लाकडाचा पोकळ गोळा, आतली बाजू फिक्या रंगाने रंगवलेली, आणि वळत आलेल्या दोन टोकांमध्ये ताणलेल्या तारा. ही टोके म्हणजे खाडीला कवेत घेणारे जमिनीचे दोन बाहू. तारांचा ताण पाहिला की दोन काठांमध्ये काहीतरी ओढले जाते आहे हे डोळ्यांना जाणवते. इथेही आकारच आहे, पण तो वर्षानुवर्षे रोज पाहून आलेला आहे.

गॉर्मलींची वाट निराळी. ते स्वतः क्रॉसबीला राहिले नाहीत. मुक्काम त्यांच्या पुतळ्यांनी केला, आणि तो एकाच ठिकाणी केला नाही. १९९७ साली हेच पुतळे जर्मनीत कुक्सहाफेनला एल्ब नदीच्या मुखाशी उभे होते. १९९८ साली नॉर्वेत स्टाव्हांगरला. २००३ साली बेल्जियममध्ये दे पान येथे. तिथून ते क्रॉसबीला आले. कुक्सहाफेनची मांडणी मला फार आवडते. तिथे सगळे पुतळे एका सपाटीत बसवले होते. समुद्राकडचे पुतळे वाळूवर पूर्ण उभे, आणि किनारा जसजसा चढत जाई तसतसे जवळचे पुतळे वाळूत अधिकाधिक गाडलेले. म्हणजे पाणी चढले की साऱ्यांच्या अंगावर एकाच उंचीला येणार. गवंडी भिंत बांधताना नळीतल्या पाण्याने सपाटी पाहतो ना, तसेच. शंभर माणसे मिळून एक मोठी पाणपातळी!

आता गंमत अशी की पुतळे तेच, पण चारही किनाऱ्यांवरची भरती वेगवेगळी. कुक्सहाफेनला भरती-ओहोटीतला फरक सुमारे ३ मीटर. दे पानला त्याहून थोडा जास्त. आणि स्टाव्हांगरला अर्ध्या मीटरच्या आसपास! तोच चंद्र, तोच उत्तर समुद्र, मग असे का? पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे दोन फुगवटे दाखवतात. त्यावरून हे मुळीच समजत नाही. खऱ्या समुद्रात किनारे आड येतात, तळ उथळ होतो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे भरतीची लाट समुद्राच्या कडेकडेने गोल फिरत राहते. वर्गात हे सहज दाखवता येते. एका ताटात पाणी घ्या आणि ताट हळूहळू गोल हेलकावत ठेवा. कडेला पाणी चढते-उतरते. मधल्या एका जागी ते जवळजवळ हलत नाही. उत्तर समुद्रात असे न हलणारे बिंदू तीन आहेत. त्यांतला एक नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आहे, आणि स्टाव्हांगर त्याच्यापासून फार दूर नाही. म्हणून तिथे या पुतळ्यांना पाणी फारसे खेळवत नव्हते. सकाळी पाहा, दुपारी पाहा, माणसे जवळपास तशीच.

लिव्हरपूलचे नेमके उलट. अटलांटिकमधून येणारी भरती आयरिश समुद्रात शिरते, पूर्वेच्या किनाऱ्यावर आपटून परतते, आणि येणारी व परतणारी लाट मिळून पाणी मोरीतल्या टबासारखे डचमळते. उधाणाच्या वेळी इथला फरक ८ मीटरच्या पुढे जातो, मोठ्या उधाणाला १० मीटरच्या घरात. तीन मजली इमारत धरा. आपल्याकडे गोव्याला हा फरक साधारण २ मीटर, मुंबईला मोठ्या उधाणात ५ मीटरच्या आसपास, आणि खंबातच्या आखातात भावनगरला लिव्हरपूलशी बरोबरी करणारा, १० मीटरच्या जवळचा. शिवाय क्रॉसबीचा उतार अगदी मंद. त्यामुळे पाणी जेवढे उभे चढते त्याच्या शंभरपट आडवे धावते. दुपारी नऊ डोकी आणि संध्याकाळी शंभर माणसे, हा चमत्कार त्यातून घडला. इथे समुद्र दिवसातून दोनदा शिल्प पुसतो आणि दोनदा पुन्हा मांडतो.

'शिल्प तेच, जागा वेगळी' असे यावर म्हटले जाते. मला वाटते हे अपुरे आहे. स्टाव्हांगरचे शिल्प आणि क्रॉसबीचे शिल्प ही दोन वेगळी शिल्पे मानावीत. नाटकाची संहिता तीच, पण एका ठिकाणी पडदा उघडाच राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो सारखा पडतो-उठतो, असा हा फरक आहे. क्रॉसबीचा प्रयोग चारांत सरस ठरला, याचे श्रेय शिल्पकाराइतकेच आयरिश समुद्राच्या आकाराला द्यायला हवे. मोठ्या उधाणाची ओहोटी संध्याकाळी, आणि किनारा पश्चिमेकडे तोंड केलेला. म्हणून पुतळे पूर्ण उघडे पडतात तेव्हा समोर सूर्य मावळत असतो. छायाचित्रकार या देखाव्यावर लुब्ध असतात. त्यांनी बंदराच्या कोष्टकाचे आभार मानावेत!

कोष्टकावरून आठवले. या पुतळ्यांना याहून योग्य गाव मिळाले नसते. लिव्हरपूलच्या गोदीचे अधिकारी विल्यम हचिन्सन यांनी अठराव्या शतकात, १७९३ सालापर्यंत, जवळजवळ तीस वर्षे भरतीची वेळ आणि उंची दिवसरात्र टिपून ठेवली. पुढे १९१९ साली इथे भरतीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था निघाली. क्रॉसबीहून मर्सी नदीच्या पलीकडच्या तीरावर बिडस्टनची टेकडी आहे. तिथल्या वेधशाळेत आर्थर डूडसन पितळी कप्प्यांच्या आणि दांड्यांच्या यंत्रांवर भरतीचे भाकीत काढत. जून १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, त्या वेळच्या भरतीचे गणित त्यांनीच केले होते, आणि किनाऱ्याचे नाव त्यांना सांगितलेले नव्हते. जाता जाता सांगतो, अशा यंत्रांपैकी अगदी आरंभीचे एक यंत्र १८७९ साली हिंदुस्थान सरकारसाठी लंडनमध्ये बांधले होते, आपल्या बंदरांची कोष्टके तयार करायला.

आता पायांकडे येऊ.

हे पुतळे गॉर्मलींच्या स्वतःच्या शरीराचे ठसे आहेत. अंगाला पातळ प्लॅस्टिक गुंडाळून, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेले कापड लावून, ते वाळेपर्यंत स्तब्ध उभे राहायचे; मग त्या साच्यावरून बीड ओतायचे. असे १७ साचे, त्यांतून १०० पुतळे. ओतकामाच्या खुणा घासून काढलेल्या नाहीत. बीड म्हणजे आपल्या तव्याचे बीड: लोखंडात २ ते ४ टक्के कार्बन. खाऱ्या पाण्यात ते झपाट्याने गंजते. मिठातले क्लोराइड गंजाचा थर टिकू देत नाही. पण बिडाची आणखी एक खोड आहे. लोखंड विरघळून गेले तरी त्यातला ग्रॅफाइटचा सांगाडा जागच्या जागी राहतो. शतकानुशतके समुद्रात पडलेल्या बिडाच्या तोफा वर काढतात तेव्हा त्या दिसायला अखंड असतात, पण वरचा थर चाकूने कापता येईल इतका मऊ झालेला असतो. पेन्सिलीच्या शिशासारखा. हे पुतळे टिकू दिले तर एक दिवस त्यांचीही अशीच अवस्था होईल: रूप माणसाचे, आत पेन्सिल.

बंधाऱ्याजवळचे पुतळे नुसतेच तांबूस गंजलेले. खाली उतरत गेलो तसतसे पायांवर पांढरट खडबडीत मोजे दिसू लागले. मग ते गुडघ्यापर्यंत आले, मग कमरेपर्यंत. आणि आम्हांला सुरक्षितपणे जाता आले त्या शेवटच्या पुतळ्याला छातीवर, मानेवर, कानांतसुद्धा हे कवच होते. मुलगी म्हणाली, "याला सगळीकडे दाढी आलीय." बार्नॅकल! कोकणात धक्क्याच्या खांबांवर आणि होड्यांच्या बुडाला हा चिकटलेला असतो. शिंपल्यासारखा दिसतो, पण नाते खेकडा-कोळंबीशी. पोहणारे पिल्लू एखादी कठीण जागा शोधते, डोक्याकडची बाजू तिला कायमची चिकटवते, भोवती चुन्याचे घर बांधते आणि उरलेला जन्म पायांनी अन्न तोंडाकडे ओढत काढते. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या प्राण्यांवर घालवली होती.

बार्नॅकलला खाता येते ते पाण्याखाली असतानाच. जो पुतळा दिवसाचे बारा तास बुडतो त्यावर त्याची चैन, जो तासभरच बुडतो त्यावर उपासमार आणि उन्हात वाळून मरण. म्हणून किनाऱ्याकडून समुद्राकडे चालत गेले की पायमोज्याची उंची वाढत जाते. प्रत्येक पुतळा हा पट्ट्या आखलेला मोजखांबच आहे, फक्त पट्ट्या जिवंत आहेत. मी म्हणतो ते समुद्राचे काम हेच. संगमरवरी लाटेत काळ थांबवलेला असतो. इथे तो अंगावर साचतो. गॉर्मलींनी जे केले त्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की त्यांनी पुतळे उभे केले आणि हात काढून घेतला.

पण हात काढून घेतला की जे येईल ते घ्यावे लागते. खिशातल्या भिंगाने मी एका मांडीवरचे बार्नॅकल पाहिले. इंग्लंडच्या नेहमीच्या जातीच्या घराला सहा पाकळ्या असतात. मला बहुतेक ठिकाणी चारच मोजता आल्या. चार पाकळ्यांची ही जात मूळची ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० नंतर, बहुधा जहाजांच्या बुडाला चिकटून ती ब्रिटनमध्ये आली. नदीमुखाचे कमी खारे पाणी तिला चालते आणि ती वर्षाचा बराच काळ पिल्ले सोडते. देशी जात वर्षातून एकदाच. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी याच पुतळ्यांवर अभ्यास करून २०१२ साली निबंध प्रसिद्ध केला. ही परदेशी जात इथे कशी जम बसवते हाच त्याचा विषय होता. मुद्दा साधा आहे. क्रॉसबीचा किनारा वाळूचा आणि चिखलाचा. बार्नॅकलला वाळूवर राहता येत नाही. तिथे आपण शंभर बिडाचे खडक नेऊन रोवले, तेही मोठ्या मालवाहू बंदराच्या शेजारी. परक्या पाहुण्याला आपणच पायऱ्या बांधून दिल्या. बंदराच्या भिंती आणि पवनचक्क्यांचे खांबही हेच करतात. समोरच्या समुद्रात २००७ पासून पवनचक्क्या फिरताहेत. तेव्हा सगळा दोष पुतळ्यांचा नाही. पण 'निसर्गाने कलाकृती आपलीशी केली' असे गोड वाक्य या शिल्पाबद्दल वाचले की मला विचारावेसे वाटते, कोणत्या निसर्गाने?

गावकऱ्यांचाही प्रश्न होता. ऑक्टोबर २००६ मध्ये स्थानिक परिषदेच्या समितीने पुतळे कायम ठेवायला नकार दिला. कारणे दोन. पुतळ्यांपर्यंत जाण्याच्या नादात लोक चिखलात रुतत होते, भरतीत अडकत होते. आणि हा किनारा स्थलांतरी पक्ष्यांसाठी राखलेला आहे. चिखलात चोच खुपसून किडे टिपणारे तुतारी, टिलवे इथे हिवाळा काढतात, आणि पुतळे पाहायला येणाऱ्या माणसांमुळे ते उठत होते. मार्च २००७ मध्ये निर्णय फिरला, काही पुतळे हलवायच्या अटीवर. त्या वेळी नकार देणाऱ्यांची वर्तमानपत्रांतून बरीच टिंगल झाली. मला ती रास्त वाटत नाही. ओहोटीची वाळू रिकामी दिसते म्हणून ती रिकामी असते असे नाही. आपल्याकडेही खाजण म्हणजे पडीक जमीन समजून भराव घालणारे कमी आहेत का?

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. क्रॉसबीच्या किनाऱ्यावर, त्याच लँकेशायरच्या समुद्रात, पण उत्तरेला, मोरकम्ब नावाचा मोठा उपसागर आहे. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री तिथे ओहोटीच्या वाळूवर शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत सापडून बुडाले. त्यांना त्या किनाऱ्याची माहिती नव्हती, भरती तिथे मागून वेढा घालत येते हे कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर दीडच वर्षाने क्रॉसबीला हे पुतळे उभे राहिले. पाणी घोट्याला, गुडघ्याला, गळ्याला येते आहे आणि माणूस शांतपणे क्षितिजाकडे पाहतो आहे. गॉर्मली तरुणपणी, १९७१ ते १९७४ या काळात, भारतात आणि श्रीलंकेत ध्यान शिकत होते. ती स्थिरता या शरीरांत उतरली आहे हे मान्य. पण ही शांती बिडाला परवडते. बिडाला श्वास लागत नाही. ज्या बंदरातून लाखो माणसे, बायकामुलांसह, पोटासाठी अमेरिकेच्या बोटीत चढली, त्या बंदराच्या तोंडाशी उभ्या शंभर आकृतींत एकही बाई नाही, एकही मूल नाही. सगळा एकच धडधाकट पुरुष, शंभर वेळा. आपल्याकडे ओहोटीला खडकावरची कालवे फोडणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहतो. त्या कमरेत वाकलेल्या असतात आणि त्यांचे अर्धे लक्ष सतत पाण्याकडे असते. पाणी वळले की पहिली हाक त्यांच्यातूनच येते. समुद्राकडे पाहण्याची ती रीत या शिल्पात नाही. चेहऱ्यात मला ती सापडली नाही. पायांवरच्या खडबडीत रेघेत थोडीशी सापडली.

सूर्य टेकला तेव्हा आम्ही मधल्या रांगेत होतो. कोणीतरी एका पुतळ्याला लाल फुटबॉलचा सदरा चढवला होता आणि तो ओला होऊन अंगाला चिकटला होता. मुलीने आपल्या वितीने प्रत्येक पुतळ्याचा पांढरा पट्टा मोजायला घेतला: पहिल्याला दोन विती, पुढच्याला तीन, त्यापुढच्याला तिचा हात पोचेना. वहीत लिहून हवे म्हणून तिने ते मला सांगून ठेवले. माझे लक्ष तिच्या आकड्यांत. भाच्यानेच खांद्याला हात लावला. "मामा, सव्वासात वाजून गेले. पाणी वळलं." मागे पाहिले, तर आम्ही आलो त्या पावलांच्या खळग्यांत पाणी चमकत होते.